सोलापूरचं ऊन सोसलंय, मग कॅमलबॅकला कसली तयारी?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. मे महिन्यात तुम्ही दोघं मुलीकडे ॲरिझोनातल्या फिनिक्सला निघालाय. तिथं वस्तीच्या मधोमध कॅमलबॅक नावाचा डोंगर आहे आणि तो चढायचा बेत मुलीनं आखलाय. वाट एका बाजूनं जेमतेम दोन किलोमीटर. तुमचं वय ५४, यजमानांचं ५९, त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या सुरू आहेत. यजमान म्हणतात, "दरवर्षी कोजागरीला आपण सोलापूरहून तुळजापूरला चालत जातो, ४३-४४ अंशांचं ऊन जन्मभर सोसलंय, दोन किलोमीटरला कसली तयारी?" आणि तुम्हाला मात्र मनातून धाकधूक वाटतेय.

तुमची धाकधूक बरोबर आहे. जाऊच नका असं मी म्हणणार नाही, उलट नीट गेलात तर हा डोंगर तुम्हाला फार आवडेल. पण यजमानांची दोन्ही कारणं या वाटेवर चालत नाहीत. मी गेली २४ वर्षं सोलापुरातून लोकांना डोंगरावर नेतोय. पुतण्या फिनिक्सला असतो, त्यामुळे दोन खेपांत मिळून कॅमलबॅक चार वेळा चढलोय. त्यातला एक चढ चुकीच्या वेळी केला आणि जे काही शिकलो ते बरंचसं त्याच दिवशी शिकलो.

आधी आकडे बघू. इको कॅनियन नावाची जी मुख्य वाट आहे ती सुमारे १.९ किलोमीटरची, आणि तेवढ्यात ती जवळपास ३९० मीटर उंची गाठते. शिखर समुद्रसपाटीपासून ८२४ मीटरवर. म्हणजे शंभर मीटर चाललात की सरासरी वीस मीटर वर. घाटातला डांबरी रस्ता सहसा शंभर मीटरला पाच-सहा मीटरच चढवतात, नाहीतर भरलेल्या एसटीला चढ जड जातो. सिंहगडाची आतकरवाडीची वाट चढली असाल तर चढाचा अंदाज येईल. तसाच खडा चढ आहे, फक्त लांबीला कमी. अजून सोपं करून सांगतो. एक मजला तीन मीटरचा धरला तर हे १३० मजले होतात. पाच मजली अपार्टमेंट २६ वेळा चढायचं, आणि मग २६ वेळा उतरायचं. जिना निदान सारखा असतो. इथं कुठं गुडघ्याएवढी पायरी, कुठं कमरेएवढा धोंडा, कुठं घसरता मुरूम. फिनिक्स शहरानं आपल्या वाटांना जी श्रेणी दिलीय, त्यात ही सगळ्यात कठीण श्रेणीत बसते.

कोजागरीची वारी मी स्वतः केलीय, तिला मी अजिबात कमी लेखत नाही. पण तिथं चाल ४५ किलोमीटरची असली तरी रस्ता बहुतेक सपाट, ऑक्टोबरमधली गार रात्र, डोक्यावर चांदणं, दर थोड्या अंतरावर चहा-फराळाचे स्टॉल. पाय दुखतात, फोड येतात, पण छाती भरून येत नाही. इथं पहिल्या दहा मिनिटांतच छाती धडधडायला लागते आणि पुढचा तासभर तिला उसंत नसते. ते पाय वेगळे, हे पाय वेगळे.

आता उन्हाचं. आकड्यात बघाल तर सोलापूरचा मे फिनिक्सच्या मेपेक्षा जास्त तापतो. तिथं मे महिन्यात दुपारचं सरासरी कमाल तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं, चाळिशी ओलांडतं ते जूनमध्ये. (पुढचं मात्र भयंकर असतं. २०२३ मध्ये ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस रोजचं कमाल तापमान ४३.३ अंशांच्या खाली आलंच नव्हतं. २६ जून १९९० ला तर ५० अंश नोंदले गेले.) हे आकडे बघूनच आपला माणूस फसतो. ३६ अंश म्हटल्यावर सोलापूरकराला तो मार्च वाटतो.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे बघा. आपण ऊन सोसतो म्हणतो, खरं तर आपण ऊन टाळतो. दुपारी एक ते चार आपल्याकडे बाजार ओस असतो. दुकानाचं शटर अर्धं खाली, घरात खिडक्या बंद, बाहेर पडलोच तर डोकं-कान उपरण्यात गुंडाळलेलं, आणि परत आल्यावर माठातलं पाणी, ताक, पन्हं. पिढ्यान्‌पिढ्यांचं हे शहाणपण आहे आणि ते झकास आहे. पण फिनिक्सला गेल्यावर आपण नेमकं तेच घरी ठेवून जातो आणि "आपल्याला उन्हाची सवय आहे" एवढंच बरोबर नेतो. सवय म्हणाल तर शरीराला नव्या हवेत उन्हात श्रम करायची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. घरात एसी, गाडीत एसी, मॉलमध्ये एसी असे चार दिवस काढले तर सोलापूरची होती ती सवयही उतरायला लागते.

दुसरं, तिथली हवा. फिनिक्स सोनोरन वाळवंटात आहे, वर्षाचा पाऊस जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास. आपला दुष्काळी म्हणवणारा जिल्हासुद्धा त्याच्या काही पट भिजतो. हवा इतकी कोरडी की घाम त्वचेवर येतो न येतो तोच उडून जातो. सोलापुरात घाम आला की कळतं, बनियन चिकटतं, कपाळावरून धार येते, आपण आपोआप सावली शोधतो. तिथं अंग कोरडंच राहतं. पाणी मात्र जात असतं. चढावर तासाला लिटरभर सहज, अंग तापलेलं असेल तर त्याहून जास्त.

माझी चूक इथंच झाली. मेचा शेवटचा आठवडा होता. पुतण्या कामावर गेला, मी एकटाच साडेआठला वाटेला लागलो. तोवर तिथं ऊन चांगलं तापलेलं असतं, पण वाऱ्याची झुळूक होती आणि अंगाला घाम नव्हता. मला वाटलं, काय छान हवा आहे! दोन लिटर पाणी पाठीवर होतं, पण तहान लागली नाही म्हणून वर जाईपर्यंत अर्धा लिटर प्यायलो. वर फोटो काढत, लोकांशी बोलत पाऊण तास बसलो. उतरताना लोखंडी कठड्याच्या टप्प्यावर उजव्या मांडीत असा गोळा आला की पाय सरळ होईना. कठडा धरावा तर नळी तापलेली, तळहात टेकवेना. खाली बघितलं तेव्हा काळ्या शर्टावर छातीपासून पोटापर्यंत पांढऱ्या रेघा दिसल्या, खळ घातलेलं सूत वाळावं तशा. ते माझ्या अंगातलं मीठ होतं. एका कातळाला हातभर सावली होती, तिच्यात अंग चोरून चाळीस मिनिटं बसलो. वरून उतरणाऱ्या एका पोरानं क्षारांची पुडी पाण्यात घालून दिली तेव्हा पाय चालता झाला. खाली पोचायला बारा वाजून गेले. दोन किलोमीटरच्या वाटेला मी साडेतीन तास घेतले, आणि इतक्या वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा मला डोंगरावर भीती वाटली.

म्हणून तुम्हाला पहिली गोष्ट सांगतो ती वेळेची. इको कॅनियनची वाट सूर्योदयाला उघडते. मे महिन्यात तिथं साडेपाचच्या आतबाहेर उजाडतं. तुम्ही त्या वेळी वाटेच्या तोंडाशी उभे हवेत आणि काही झालं तरी साडेआठ-नऊला परत गाडीपाशी हवेत. हे वाटतं तेवढं अवघड नाही. फिनिक्स आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे आहे, त्यामुळे पहिला आठवडाभर तुमची झोप रात्री दोन-तीनलाच उडणार आहे. त्या जागरणाचा असा उपयोग करून घ्या. मात्र उतरल्या उतरल्या दोन-तीन दिवसांत जाऊ नका. एवढ्या लांबच्या विमानप्रवासानं शरीर आधीच कोरडं पडलेलं असतं, पाय सुजलेले असतात. निदान सहा-सात दिवस जाऊ द्या आणि त्या दिवसांत रोज पहाटे तासभर मोकळ्यावर चाला. लवकर जाण्याचं आणखी एक कारण म्हणजे पार्किंग. जागा मोजकी आहे आणि सुट्टीच्या दिवशी उजाडतानाच भरते.

"ऊन कललं की जाऊ" हा आपला हिशेब तिथं लावू नका. पारा सगळ्यात वर असतो तो दुपारी चार-पाचला, आणि दिवसभर तापलेला कातळ सूर्य मावळल्यावरही धग सोडत राहतो. आपल्याकडे पत्र्याच्या घरात संध्याकाळी भिंतीला पाठ टेकवत नाही, तसं. शिवाय संध्याकाळी चढलात तर उतार अंधारात पडतो, आणि या वाटेचा उतार अंधारात करायचा नाही.

बेत पुढे जूनवर गेला तर हेही लक्षात ठेवा. हवामान खात्याकडून अतिउष्णतेचा इशारा असेल त्या दिवशी कॅमलबॅकच्या दोन्ही वाटा सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत शहर बंद ठेवतं. २०२१ पासून ही पद्धत सुरू झाली, बंदीची वेळ मधल्या काळात बदलत गेलीय, म्हणून आदल्या रात्री मुलीला शहराच्या संकेतस्थळावर बघायला सांगा. फाटक बंद दिसलं तर बाजूनं वाट काढू नका. वर कुणी पडलं तर त्याला आणायला अग्निशमन दलाची माणसं त्याच उन्हात चढतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. माणशी तीन लिटर घ्या. जड वाटेल, तरी घ्या, वर कुठंही पाणी नाही. आदल्या संध्याकाळपासून नेहमीपेक्षा थोडं जास्त पीत राहा आणि वाटेवर तहान लागायची वाट न बघता दर पंधरा मिनिटांनी चार-पाच घोट घ्या. फिनिक्स शहराचीच एक सूचना आहे की निम्मं पाणी संपायच्या आत परत फिरा. मी आपल्या वयाच्या लोकांना त्याहून कडक सांगतो. तीनपैकी एक लिटर संपला, की जिथं असाल तिथून मागे. कारण उतरताना वेळ तेवढाच लागतो आणि ऊन मात्र वाढलेलं असतं.

नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही. घामातून मीठ गेलेलं असताना साधं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस आणखी पाणी पितो. तीनपैकी एका बाटलीत ओआरएस घ्या. इथल्या मेडिकलमधून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या पुड्या घेऊन जा. एका लिटरला एक पुडी हे प्रमाण मोडू नका. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. यजमानांच्या रक्तदाबामुळे मिठाचं डॉक्टरांना आधी विचारा, त्यावर खाली लिहितोच.

खायला म्हणून तुम्ही कडक भाकरी आणि शेंगा चटणी नेणार हे मला माहीत आहे, आपल्यातलं कोण नेत नाही? वाटेवर मात्र नको. त्या कोरड्या हवेत तोंडाला लाळ सुटत नाही, कडक भाकरीचा तुकडा घशात अडकतो आणि चटणीनं तहान भडकते. खारे शेंगदाणे, खजूर, एखादं केळं एवढं पुरे. भाकरी-चटणी गाडीत ठेवा, खाली आल्यावर तिच्यासारखं दुसरं काही लागणार नाही. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही हा आपल्याकडचा जुना समज आहे, पण कांद्यानं अंगातली उष्णता उतरत नाही. त्या खिशात ओआरएसची जादा पुडी ठेवा.

एक सोलापुरी वस्तू मात्र आवर्जून न्या, आपला सुती टॉवेल. मोठा नको, हाताएवढा पातळ. निघताना भिजवून, पिळून मानेभोवती टाका. घाम जिथं क्षणात उडतो तिथं ओल्या टॉवेलचं पाणीही तसंच झपाट्यानं उडतं आणि उडता उडता माठासारखा गारवा देतं. कोरड्या हवेचा तोटा असा आपल्या बाजूनं वळवता येतो. शर्ट पूर्ण बाह्यांचा, सैल, फिक्या रंगाचा. टोपी चहूबाजूंनी काठ असलेली. बूट खरबरीत तळव्याचे आणि महिनाभर वापरून पायात बसलेले हवेत, नवे कोरे नकोत. हातात पातळ मोजे, ते कठड्यासाठी.

आता वाट कशी आहे ते सांगतो, म्हणजे डोळ्यांसमोर राहील. डोंगर दुरून खरंच बसलेल्या उंटासारखा दिसतो. पश्चिमेला डोकं, पूर्वेला कुबड. डोकं तांबूस वाळूच्या खडकाचं, वय साधारण अडीच कोटी वर्षं. कुबड ग्रॅनाइटचं, ते दीडशे कोटी वर्षांच्या आसपासचं. आपण जन्मभर दख्खनचा काळा बेसॉल्ट बघत आलो, साडेसहा कोटी वर्षांचा. त्याच्याहून तरुण आणि त्याच्याहून कितीतरी म्हातारा असे दोन खडक तिथं एकमेकांना खेटून उभे आहेत. डोक्याकडच्या भागात एक सुळका आहे, हात जोडून गुडघ्यावर बसलेल्या साधूसारखा दिसतो, म्हणून त्याला 'प्रार्थना करणारा साधू' अशाच अर्थाचं इंग्रजी नाव पडलंय. चढताना तो दिसला की दोन मिनिटं थांबा.

सुरुवातीला लाकडी ओंडक्यांच्या आणि दगडांच्या पायऱ्या आहेत. इथंच बहुतेक जण दम घालवतात, ताजेतवाने असतात म्हणून पळतात. पायऱ्या संपल्या की डोकं आणि कुबड यांच्यामधल्या खिंडीसारख्या जागी थोडी सपाटी लागते. तिथून पुढे उघड्या कातळाला ठोकलेले लोखंडी कठडे सुरू होतात. पहिला टप्पा बरा आहे, दुसरा खडा आहे. तिथं एका हातानं कठडा, दुसरा हात कातळावर, आणि वजन पायांवर. हातांनी अंग ओढून घ्यायला गेलात तर दंड भरून येतात. चालायच्या काठ्या असतील तर इथं दुमडून पाठीला लावा, हातात अडचण होते. कठड्यांच्या पुढे मोठमोठ्या धोंड्यांची घळ आहे, तिच्यात निळे ठिपके रंगवलेत. ठिपका दिसेनासा झाला तर पुढे जाऊ नका, मागच्या ठिपक्याशी या आणि पुन्हा शोधा. माणसं चुकतात ती इथंच, आणि डोंगराला कडे आहेत.

वर गेलात तर चहूकडे गाव पसरलेलं दिसतं. नान्नजचं माळरान आहे ना, त्याच्यावर मधूनच कुणी खडकाळ डोंगर आणून ठेवलेत आणि त्यांच्यामधून शहर ओतलंय, असं मला दर वेळी वाटतं. तिथल्या खारी हातातलं खायला येतात. त्यांना काही देऊ नका, चावतात. आणि माझ्यासारखं पाऊण तास बसू नका. दहा मिनिटं फार झाली.

उताराबद्दल जरा जास्त लिहितो, कारण चढताना माणूस दमतो पण उतरताना पडतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांब होत असतानाच सगळं वजन पेलून धरतो. या कामाची आपल्या पायांना सवयच नसते, कारण सोलापूर सपाट. आपण जिना चढतो तोसुद्धा कमीच, आणि उतरताना लिफ्ट. त्यामुळे अर्ध्या उतारावर मांड्या थरथरायला लागतात आणि नेमका तिथंच ग्रॅनाइटचा झिजलेला मुरूम असतो. त्याचे कण गोल. घट्ट कातळावर त्यांचा पातळ थर असला की ज्वारीचे दाणे सांडलेल्या फरशीवर पाय पडल्यासारखं होतं. पाऊल छोटं टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, टाच आधी न रोवता पूर्ण तळवा टेकवा, आणि शक्य तिथं मुरूम टाळून उघड्या कातळावर पाय ठेवा. खड्या कठड्यावर तोंड कातळाकडे करून उलटं उतरा, शिडी उतरतो तसं. गरज पडली तर बूड टेकून सरका. चार पोरं धावत उतरताना दिसतील, त्यांना बाजू द्या आणि आपण आपल्या चालीनं या.

वाटेच्या कडेला सग्वारो निवडुंग दिसतील, दोन-तीन पुरुष उंच, हात फुटलेले. पहिला हात फुटायलाच त्याला पन्नास-पाऊणशे वर्षं आणि कधी जास्तही लागतात. मेमध्ये त्याच्या टोकाला पांढरी फुलं असतात, ते बघणं हा या महिन्याचा फायदा. चोया नावाच्या निवडुंगापासून मात्र लांब राहा. नुसता धक्का लागला तरी त्याचं कांडं तुटून कापडाला, कातड्याला चिकटतं आणि काट्याला उलटे बारीक दात असतात. हातानं उपटायला गेलात की हातालाच चिकटतं. खिशात मोठ्या दातांचा कंगवा ठेवा, कांड्याखाली सरकवून झटक्यात उडवा, उरलेले काटे चिमट्यानं. खुळखुळ्या साप दगडांच्या सावलीत असू शकतो. शेपटी वाजवून तो आपल्याला सावध करतो. आपल्याकडचं फुरसं अंगावरचे खवले घासून आवाज करतं, तसलंच. आवाज आला की थांबायचं, कुठून येतोय ते बघायचं आणि मागे सरायचं. बघितल्याशिवाय कुठल्याही कपारीत हात घालायचा नाही.

ऊन लागल्याचं ओळखायचं कसं, हे मुलीलाही सांगून ठेवा. पहिली खूण बहुतेक वेळा शरीरावर दिसत नाही, स्वभावात दिसते. बोलका माणूस गप्प होतो, किंवा उगाच चिडतो, "मी ठीक आहे, चला" म्हणतो. मग पाय अडखळतो, डोकं दुखतं, मळमळतं, उन्हातच अंगावर शहारा येतो. एवढ्यावर थांबलात तर सावली, ओला टॉवेल, ओआरएस आणि विश्रांती यांनी माणूस सावरतो, आणि सावरला तरी पुढे वर जायचं नाही. पण बोलणं असंबद्ध झालं, कुठं आहोत ते कळेना झालं, तर तो उष्माघात धरायचा, अंगाला घाम असला तरी. लगेच ९११ या तिथल्या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन, आणि मदत येईपर्यंत उरलेलं सगळं पाणी अंगावर. मान, काखा, जांघा ओल्या ठेवून टोपीनं वारा घालत राहायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. फोन पूर्ण चार्ज करून, सावलीत, पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवा.

यजमानांच्या गोळ्यांचं सगळ्यात गंभीरपणे घ्या. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढतात, काही हृदयाचे ठोके मुद्दाम कमी ठेवतात. पहिल्या प्रकारात शरीर लवकर कोरडं पडतं, दुसऱ्या प्रकारात चढावर नाडी वाढायला हवी तशी वाढत नाही आणि उष्णता बाहेर टाकणं जड जातं. गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. जाण्याआधी तुमच्या डॉक्टरांना नेमकं सांगा, "३९० मीटरचा खडा चढ, कोरडी हवा, दोन-तीन तास." नुसतं "फिरायला जाणार" म्हटलंत तर ते हो म्हणतील. हृदयाची ताणचाचणी (स्ट्रेस टेस्ट) करायला सांगितली तर करून घ्या. त्यांनी नको म्हटलं तर तिथंच विषय संपला.

सराव किती? तुमच्याकडे सात-आठ आठवडे आहेत, पुरेत. पार्क मैदानाच्या फेऱ्या सुरू ठेवा, पण त्यानं हा डोंगर चढून होणार नाही. आठवड्यातून तीन दिवस पाच मजली जिना. पहिल्या आठवड्यात चार खेपा, मग दर आठवड्याला दोन-दोन वाढवत निदान चौदा-पंधरापर्यंत न्या. उतरणं जिन्यानंच, लिफ्ट नाही, उताराचा सराव तिथंच होतो. शेवटचे तीन आठवडे पाठीवर तीन लिटर पाणी घ्या. रविवारी पहाटे गाडी काढून तुळजापूरच्या बाजूला बालाघाटाच्या उतारांवर, नाहीतर येडशीला रामलिंगाकडे जा आणि दगडगोट्यांतून चढ-उतार करा. सोबत निदान चौघं असू द्या. पाठीवर वजन घेऊन दहा खेपा झाल्यावरही एकमेकांशी सलग बोलता येत असेल, तर तुम्ही तयार आहात. येत नसेल तर यावेळी शिखर नको.

शिखराशिवायही बघण्यासारखं पुष्कळ आहे. फिनिक्समध्येच पापागो पार्क म्हणून जागा आहे. तिथं तांबड्या खडकाला आरपार भोक पडलंय, तिथवर चढ पाच-दहा मिनिटांचा. पोचल्यानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी पहाटे तिथं जा, तीच तुमची चाचणी. शेजारी वाळवंटी वनस्पतींची मोठी बाग आहे, तीही बघा. चाचणीत दोघांपैकी कुणालाही चक्कर, छातीत दडपण, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर कॅमलबॅकचा बेत रद्द.

सगळं ठीक असेल तर मुलीशी घरीच बसून एक ठरवा. पहिला मुक्काम डोकं आणि कुबड यांच्यामधली सपाटी. तिथं घड्याळ बघायचं, बाटली बघायची, एकमेकांचे चेहरे बघायचे. पाऊण तासापेक्षा जास्त लागला असेल, किंवा लिटर संपत आला असेल, किंवा तिघांतलं एकही माणूस गप्प झालं असेल, तर तिघंही तिथून परत. "तू बस, आम्ही वर जाऊन येतो" असं करायचं नाही. एकट्या बसलेल्या माणसाला काय होतंय ते कुणाला कळत नाही. यजमानांना हे आत्ताच सोलापुरात मान्य करायला लावा, डोंगरावर ते ऐकणार नाहीत. त्या सपाटीवरून सूर्य वर येताना अख्खं गाव दिसतं. त्या चारपैकी एकदा मी तिथूनच परतलो. पुतण्याच्या बायकोला तेव्हा दम लागला होता, आम्ही तिघं तिथंच तासभर बसलो आणि आठला घरी चहाला होतो.